सावरडोहची पाळ

यवतमाळ जिल्ह्यात पंधरा वर्षं नोकरी करून आलेला माणूस, अशी आमच्या गावात माझी ओळख आहे. कुणी विचारलं की मी तिथल्या उन्हाच्या गोष्टी सांगतो, कापसाच्या गाड्यांच्या सांगतो. सावरडोहची गोष्ट सांगत नाही. बोलणं तिकडे वळायला लागलं की चहा मागवतो. बावीस वर्षं असा चहा मागवत आलो. बायकोलाही सांगितलं नाही, आणि आता ती ऐकायला नाही. गेल्या मे महिन्यात चार दिवस तिकडे जाऊन आलो. वय अठ्ठ्याहत्तर आहे. लिहूनच टाकतो. गावाचं नाव आणि माणसांची नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही.

मी अलिबागकडच्या खारपट्ट्यातला. आमची शेतं खाडीतून काढलेली. कडेनं चिखलाचा बांध आणि बांधात उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर करायची लाकडी झडप. बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली की हाळी जाते आणि घरटी एक माणूस घमेलं घेऊन धावतो. पण कधीकधी आमची माणसं स्वतःहून बांध कापतात. उधाण फार असलं की एका शेतात पाणी मुद्दाम घ्यायचं, म्हणजे बाकीचा बांध वाचतो. वर गाळ बसतो तो वेगळाच. आधी हाळी द्यायची, सगळ्यांना सांगायचं, मग दोन हात रुंद कापायचं. खाजणाचा, खाडीकाठचा चिखल चिवट. दोन हातांचं तोंड दोन हातच राहतं. सहा तासांनी ओहोटी लागते, पाणी निघून जातं, तोंड बुजवून माणसं जेवायला घरी जातात. वडिलांबरोबर हे मी कितीदा केलं होतं.

सावरडोह हे बाभुळगाव तालुक्यातलं वर्धा नदीच्या काठचं गाव. गावासमोर एक मोठा नाला नदीला मिळतो. दोहोंच्या मध्ये गाळाची सखल जमीन आहे, तिला बेट म्हणतात. जुन्या काळी भोवती मातीची पाळ घालून ती पिकाखाली आणली. त्यामुळे नदीला पसरायला जागा उरली नाही आणि पुराचं पाणी पलीकडे गावात शिरू लागलं. मी त्या भागाचा ओव्हरसियर होतो. मला वाटे, यावर उपाय आमच्याकडचाच आहे. मोठा पूर आला की पाळ एका जागी कापून पाणी बेटावर घ्यावं. वर दोनदा लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही.

मग तो ऑगस्ट आला. पहाटे पाणी शाळेच्या पायरीला लागलं, लोक टेकाडावर गेले. मी बाहेरगावचे दोन मजूर घेतले आणि हुकूम नसताना पाळ कापली. हुकूम नव्हता म्हणून हाळीही दिली नाही. दोन हातच कापली. गावातलं पाणी खरोखर उतरलं. पण वर्धेकाठची काळी माती म्हणजे खाजणाचा चिखल नव्हे, हे इतकी वर्षं त्या मातीवर काढूनही मला कळलं नव्हतं. दोन हातांचे वीस झाले, दुपारपर्यंत दोनशे. आणि नदीला ओहोटी नसते. बेट नऊ दिवस पाण्याखाली राहिलं, वर कंबरभर वाळू पसरली. माणूस कुणी गेलं नाही. बेटावरचं बाकी सगळं गेलं.

मी कापलं त्या जागेपासून तीस पावलांवर हनीफभाईंचा पाइप होता. हनीफभाई हे बाभुळगावचे इंजिन-मिस्त्री. बेटावर त्यांचं दोन एकर होतं. नदीचं पाणी शेतात न्यायला त्यांनी पाळीतून पाइप घातला होता, तोही मला विचारून. ‘घाला, फक्त माती नीट ठोका,’ असं मीच तोंडी म्हटलं होतं. खांड वाढत वाढत त्या पाइपापर्यंत पोचली होती. पंचनामा मी लिहिला: पाळ पाइपाच्या जागी कमकुवत होऊन फुटली, बाकी माती मजबूत. एवढी एक ओळ. तिच्यामुळे माझी नोकरी राहिली, आणि सावरडोहच्या लोकांनी हनीफभाईंना ‘पाळफोड्या’ नाव दिलं. त्यांच्याकडे कुणी इंजिन नेईना. वर्षभरात दुकान उचलून ते पांढरकवड्याला गेले.

गेल्या एप्रिलमध्ये फोन आला. तिकडे नव्याने आलेल्या राठोड नावाच्या इंजिनीअरबाई होत्या.

“सर, बेटाच्या पाळीला आम्ही सांडवा काढतोय. मोठ्या पुरात पाणी ठरवून बेटावर घ्यायचं. तुमचीच कल्पना आहे, फाइलीत सापडली. तुमचा पंचनामाही आहे. माती मजबूत लिहिलंय, म्हणून कडांना दगडी अस्तर धरलेलं नाही. बरोबर ना, सर?”

‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, “तिकडे येऊन सांगतो.”

पहिला दिवस: धामणगाव ते बाभुळगाव

धामणगावला सकाळी गाडीतून उतरलो तेव्हा नऊ वाजले होते आणि फलाटाची फरशी चपलेतून भाजत होती. आमच्याकडे ऊन घामानं कळतं. तिथे घाम दिसतच नाही, येतायेताच वाळतो, आणि आपल्याला काही होत नाही अशा भ्रमात माणूस राहतो. स्टँडवर आलुबोंडा घेतला. तो तिथे ताटलीत कुस्करून वर तिखट रस्सा ओतून देतात. मी कोरडाच मागितला तर गाडीवाला म्हणाला, “कोरडा कायले खाता काका? उपास हाये का?” शेजारचे दोघं हसले. मी रस्सा घेतला आणि बाभुळगाव येईपर्यंत ठसकत राहिलो.

राठोड मॅडम स्कूटीवर आल्या. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. वय माझ्या नातीएवढं. त्यांनी मला विश्रामगृहात कूलरसमोर बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि नकाशा पसरला. सांडवा त्यांनी बरोबर तिथेच दाखवला होता जिथे मी पाळ कापली होती. पाइपाच्या जागेपासून तीस पावलं वर. ‘मजबूत’ मातीत.

“परवा ग्रामसभा आहे सर. ठराव झाला की सोमवारी मशीन लागेल. पाऊस यायच्या आत आटपायचंय. तुम्ही सभेत दोन शब्द बोला. लोक पाइप-पाइप करत घाबरतात, तुमचं ऐकतील.”

मी विचारलं, “हनीफ मिस्त्री कुठे असतात, काही कल्पना?”

“कोण?” त्यांनी जरा आठवून पाहिलं. “अच्छा, पाळफोड्या! हायवेला ट्रकचं गॅरेज आहे म्हणतात. त्यांना कशाला भेटायचंय?”

त्यांच्या आवाजात वाकडेपणा नव्हता. फाइल वाचून आणि गावात फिरून त्यांना तेवढंच नाव मिळालं होतं.

त्या संध्याकाळी मी ठरवलं: आधी हनीफभाईंना सांगायचं, मग सभेत. आपल्याबद्दलची गोष्ट त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये.

दुसरा दिवस: पांढरकवडा

यवतमाळला बस बदलली. पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना सागाचं रान, पण मे महिन्यात त्याला पान नाही. कोकणातल्या माणसाला रान म्हणजे हिरवं. इथे उभे वाळके खांब, आणि त्यांच्यामधून तेंदूपत्त्याची गाठोडी डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाया. एक मावशी गाठोड्यासकट बसमध्ये चढल्या, माझ्या पायावर ते ठेवून म्हणाल्या, “पाय उचलू नोका बाप्पा, गाठोडं लुडकंन.” तासभर मी पाय उचलले नाहीत. खिशातला कागद मात्र चार वेळा चाचपला. त्यावर सगळं लिहून सही केली होती, कारण तोंडानं जमेल याची खात्री नव्हती.

हायवेला लागून गॅरेजांची रांग आहे. हनीफभाईंचं शेवटून दुसरं. ट्रकच्या बॉनेटमध्ये डोकं घातलेला पाठमोरा माणूस मी ओळखला. दाढी पांढरी झालेली, खांदे तेच.

“हनीफभाई.”

ते वळले. डोळे बारीक करून बघितलं आणि हातातला पाना खाली पडला. “अरे! म्हात्रे साहेब? तुमी? या उन्हात? अन् डोकं उघडं!” त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढला, झटकला आणि माझ्या डोक्याला स्वतः बांधला, कान झाकून, लहान मुलाला बांधतात तसा. “मराचं हाये का साहेब? इथलं उन्ह तुमच्या समुद्रावानी नाई.”

घर गॅरेजच्या मागेच. सून शबाना, तिनं दालचा आणि भात वाढला. डाळीत दुधी भोपळा, चिंचेचा आंबटपणा. मी दुसऱ्यांदा भात घेतला. पहिल्या घासाआधी सांगायचं ठरवलं होतं, मग जेवण होऊ दे म्हटलं. जेवण झालं. हात धुतले. मी खिशात हात घातला.

“साहेब, एक बोलाचं होतं,” हनीफभाई म्हणाले.

शबाना ताटं उचलून आत गेली. ते खाली बघत होते, नखातलं ग्रीस दुसऱ्या नखानं काढत होते.

“बावीस वर्सं झाले. तुमी इस्वासानं म्हनलं होतं, हनीफभाई, माती नीट ठोका. म्या ठोकली होती, कसम से. पन कमी पडली असंन. माह्यापायी गावाचं नुकसान झालं, तुमच्या नोकरीवर डाग आला असंन. मी यवतमाळले गेलतो त्या दिवशी, नाई तं तिथंच बुडलो असतो, बरं झालं असतं. तुमच्याकडे याची हिंमत नाई झाली. माफ करजा साहेब.”

कूलरचा आवाज येत होता. कागद माझ्या बोटांत होता. मला बोलायचं होतं ते सगळं त्यावर होतं, नुसता पुढे करायचा होता.

मी म्हटलं, “असू द्या, हनीफभाई.”

त्यांनी डोळे पुसले. हसले. मला स्टँडपर्यंत सोडायला आले, बसमध्ये खिडकीची जागा धरून दिली, कंडक्टरला बजावलं, “आपले साहेब हायेत, सांभाळून ने.” दुपट्टा परत करायला लागलो तर म्हणाले, “राहू द्या. पुढच्या बारीले आनून देजा.”

तिसरा दिवस: सावरडोह

सभा समाजमंदिरात होती. हनीफभाईंकडच्या भातानंतर मी काही खाल्लं नव्हतं. आधी राठोड मॅडमनी खडूनं फळ्यावर पाळ, नदी, बेट काढून दाखवलं. “पूर अडवून गाव वाचत नाही. पुराला जागा द्यावी लागते. बेटावर पाणी येईल, पण आपण ठरवू तेव्हा, आणि ठरवू तिथून. ज्यांचं पीक जाईल त्यांना भरपाई.”

पहिल्या रांगेत सुमनबाई तायडे बसल्या होत्या. बेटावर त्यांचं तीन एकर. पुराच्या वर्षी त्या तिशीच्या असतील, आता केस पांढरे, आवाज तोच.

“पानी घ्याले आमची ना नाई मॅडम. गाळ बसते, त्याच्यावर हरभरा चांगला येते, ते आम्हाले शिकवू नोका. पन पाळीत पाइप कोनाले टाकू देनार नाई. एका पाळफोड्यानं माही गाय बुडवली.”

“अन् माहे बारा बकरे!” मागून कुणीतरी.

“तुह्ये चारच होते बे,” दुसरा म्हणाला. हशा झाला.

मॅडम माझ्याकडे वळल्या. “सर, तुम्ही सांगा. माती चांगली आहे ना?”

मी उठलो. सकाळी पाळीवर जाऊन मी एक ढेकूळ आणलं होतं, रुमालात. समोरच्या टेबलावर पाण्याचा काचेचा ग्लास होता. त्यात ते सोडलं. लोक बघत राहिले. आधी बुडबुडे आले. मग कडा सुटायला लागल्या, मग ढेकूळ बसलं, आणि सगळं पाणी काळं झालं.

“ही माती,” मी म्हटलं. “पाळ पाइपानं फुटली नाही. मी कापली. या नकाशात सांडवा दाखवलाय तिथेच. दोन हात कापली आणि ती अशी विरघळली. मग पंचनाम्यात दोष हनीफ मिस्त्रींच्या पाइपावर घातला.”

पंख्याखाली एक कागद फडफडत होता, मॅडमनी त्यावर हात ठेवला. मला वाटलं होतं आरडाओरड होईल. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं.

सुमनबाई उठून माझ्यासमोर आल्या. “तुमी?”

“हो.”

“कापाची होती तं एक हाक काहून नाई देल्ली? गाय सोडली असती म्या. दोरी तं कापली असती.”

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते हुकमाचं आणि नोकरीचं होतं. ते त्या खोलीत उच्चारण्यासारखं नव्हतं.

“तो मानूस दिवाळीले फराळ घेऊन आलता माह्या दारी,” त्या म्हणाल्या. “म्या दारातून वापस पाठोला. मिस्त्री आमच्या इथचा, लेकरावानी इंजिन सांभाळे आमचं.” त्यांनी कमरेचा मोबाइल काढला. “त्याचा नंबर हाये कोनाजवळ?”

“बाई, थांबा,” मी म्हटलं. “मी स्वतः जाऊन सांगतो. उद्याच.”

“बावीस वर्सं थांबलो ना आमी. तुमी बसा.”

नंबर मिळाला. त्यांनी तिथेच फोन लावला, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजावर. “हनीफभाई, मी सुमन बोलतो, सावरडोहची. पाळ तुमी नाई फोडली. म्हात्रे साहेबानं कापली होती. इथं उभे हायेत, सोता सांगून राह्यले.”

फोनमधून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. कुणीतरी हातोडी मारत होतं, ते थांबलं. “हॅलो? हनीफभाई?” मग फोन बंद झाला.

पुढचं कामकाज झालं. मॅडमनी माझा जबाब लिहून घेतला, मी सही केली, पाच जणांनी साक्षी केल्या. सोमवारचं मशीन थांबवलं. सांडव्याच्या दोन्ही कडांना आणि तळाला दगडी अस्तर केल्याशिवाय पाळीला हात लावायचा नाही, असा ठराव झाला. पाणी सोडायच्या आधी बेटावर हाळी द्यायची आणि घरटी एक माणूस पाळीवर हजर पाहिजे, हे मी आमच्याकडचं सुचवलं. ते सुमनबाईंनी लिहून घ्यायला लावलं, माझ्याकडे न बघता.

बाहेर मॅडम स्कूटीजवळ उभ्या होत्या. “सर, एप्रिलमध्ये फोनवर एक शब्द बोलला असता तरी मी समजले असते. तुम्ही आला नसता तर?” त्यांनी दुपट्टा तोंडाला गुंडाळला. “मी सोमवारी कापली असती सर. माझ्या सहीनं.”

जेवायला मात्र सुमनबाईंच्याच घरी बसवलं. पाहुणा उपाशी जाऊ द्यायची तिथे पद्धत नाही. पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा होता. त्यांनी वाढला आणि आत निघून गेल्या.

चौथा दिवस: पुन्हा पांढरकवडा

पहिल्या बसनं निघालो. डोक्याला तोच दुपट्टा होता. वाटेत वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. यावेळी कागद नको असं ठरवून तो बॅगेत तळाशी घातला.

गॅरेज उघडं होतं. एक ट्रक जॅकवर चढवलेला, आणि त्याखालून दोन पाय बाहेर आलेले. टाचांना भेगा, एका पायात चप्पल. आतून पान्याचा आवाज येत होता. शबाना दारात आली, मला पाहिलं आणि काही न बोलता पाण्याचा तांब्या स्टुलावर ठेवून आत गेली. परवा तिनं मला ‘चाचा’ म्हटलं होतं.

“हनीफभाई,” मी म्हटलं.

पान्याचा आवाज थांबला. पाय हलले नाहीत. हायवेवरून एकामागून एक गाड्या जात होत्या. वाकून ट्रकखाली बघावं असं वाटलं, पण गुडघे वाकत नाहीत, आणि वाकले असते तरी त्यांच्या तोंडाकडे बघवलं नसतं.

“मी सांगायलाच आलो होतो. परवा.”

“मालूम हाये,” खालून आवाज आला. राग नव्हता त्यात. दमलेला होता. “शबाना म्हने, चाचा घडी घडी खिशात हात घालत होते. मी म्हनलं, तंबाखू खात असतीन.”

मी स्टुलावरचा तांब्या उचलला आणि तसाच परत ठेवला.

“साहेब, पंचनाम्याचं मी समजू शकतो. नोकरी होती, लेकरं होते तुमचे. पन परवा? परवा तं नोकरी नोती ना. माह्या घरी बसून, माहा भात खाऊन, तुमी मले माफ केलं.”

पाना पुन्हा फिरायला लागला. मी दुपट्टा सोडला, घडी केली आणि स्टुलावर तांब्याशेजारी ठेवला.

“बांधून जा,” खालून आवाज आला. त्यांना कसं कळलं कोण जाणे. “उन्ह हाये. अन् बस हुकंन तुमची.”

मी दुपट्टा पुन्हा बांधला. मला नीट बांधता येत नाही, एक कान उघडाच राहिला. स्टँडवर गेलो. मग बस आली आणि मी चढलो.

राठोड मॅडमचा जूनमध्ये फोन आला होता. दगडी अस्तर पूर्ण झालं, सुमनबाईंनी हाळी द्यायचं काम स्वतःकडे घेतलं. हनीफभाईंना मी दोनदा फोन केला. शबानानं उचलला, “अब्बा कामावर हायेत,” म्हणाली. दुपट्टा इथे खुंटीला आहे. ट्रकशेजारी उभं राहून जे म्हणायचं होतं ते फार नव्हतं. ते असं होतं:

हनीफभाई, पाळ मी कापली. तुम्ही माती नीट ठोकली होती. दुपारी खांड तुमच्या पाइपापर्यंत आली तेव्हा मी तिथे उभा होतो. दोन्ही बाजूंची पाळ वाहून गेली आणि तुमच्या पाइपावरचा तेवढा मातीचा तुकडा मध्येच उभा राहिला, संध्याकाळपर्यंत. सगळ्या पाळीत तेवढंच काम पक्कं होतं. ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी बसून उलटं लिहिलं. मला माफ करा.